‘तीव्र’ : एका विशेषणाचा अर्थविचार
(डहाणू-तलासरी परिसरातील व्यवहाराच्या संदर्भात)

एखाद्या वस्तूच्या ठिकाणी अमुक गुण आहे, एवढे सांगून भाषेचे काम संपत नाही. तो गुण किती प्रमाणात आहे, हेही सांगावे लागते. ऊन आहे, वारा आहे, दुखणे आहे, राग आहे. पण ऊन केवढे, वारा कसला, दुखणे किती आणि राग कोणत्या थराचा, हे कळल्यावाचून ऐकणाऱ्याला काय करावे ते ठरविता येत नाही. ही गरज भागविण्यासाठी प्रत्येक भाषेत आधिक्यवाचक विशेषणांचा एक वर्ग तयार झालेला असतो. मराठीतील या वर्गात ‘तीव्र’ या विशेषणाचे स्थान काहीसे वेगळे आहे. हा शब्द घरात क्वचित उच्चारला जातो; वृत्तपत्रात, दवाखान्यात, कचेरीत आणि प्रयोगशाळेत मात्र तो पदोपदी भेटतो. शिवाय या प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ एकच असतो असे नाही.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांत या शब्दाचा वापर निरनिराळ्या चार विषयांच्या संदर्भात होत आला आहे. २०१८च्या अखेरीस सुरू झालेले भूकंपाचे धक्के, अंगणवाडीच्या नोंदवहीतील कुपोषित बालके, किनाऱ्यावर येणाऱ्या वादळांच्या सूचना आणि वाढवण येथील बंदरास होणारा विरोध, हे ते चार विषय होत. भूकंप तीव्र, कुपोषण तीव्र, वादळ तीव्र आणि विरोधही तीव्र. एका लहानशा भूप्रदेशात एकाच विशेषणाचे चार व्यवहार असे शेजारी शेजारी आले असता त्याच्या अर्थातील अंतर स्पष्ट दिसू लागते. ते अंतर कोणते, ते कशामुळे पडले आणि त्याकडे दुर्लक्ष केल्याने कोणती हानी संभवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. घरचे शब्द आणि ‘तीव्र’

मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी आधिक्य दाखविणारे शब्द बहुधा त्या त्या वस्तूशी बांधलेले असतात. थंडी कडाक्याची असते, ऊन रणरणते असते, पाऊस मुसळधार असतो, अंधार मिट्ट किंवा गडद असतो, झोप गाढ असते, भूक कडकडून लागते आणि वारा झोंबतो. शिस्त कडक असते. शिक्षा कडक किंवा कठोर असते. प्रेम उत्कट असते. या जोड्या मोडून चालत नाही. ‘गाढ थंडी’ किंवा ‘मुसळधार ऊन’ असे कोणी म्हणत नाही. आधिक्याचा बोध वस्तूच्या अनुभवातूनच झालेला असल्यामुळे शब्दाला त्या अनुभवाचा रंग लागलेला असतो.

‘तीव्र’ हे विशेषण या मानाने रंगहीन आहे. ते वेदनेला लागते, इच्छेला लागते, संतापाला लागते, टंचाईला लागते, मतभेदालाही लागते. तथापि ते सर्वत्र चालते असेही नाही. तीव्र झोप, तीव्र अंधार, तीव्र शिक्षा हे प्रयोग मराठी कानाला खटकतात. तीव्र पाऊस हा प्रयोग अहवालात दिसला तरी बोलण्यात रुळलेला नाही. या स्वीकृत आणि अस्वीकृत प्रयोगांकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. ज्या गोष्टीचा कोणाला तरी आघात जाणवतो, जी टोचते, बोचते, भाजते किंवा आत ओढते, तिलाच ‘तीव्र’ हे विशेषण सहजपणे शोभते. झोपेत आघात नाही, अंधारात टोक नाही. म्हणून तेथे हा शब्द बसत नाही. म्हणजेच, वरवर रंगहीन दिसणाऱ्या या शब्दाच्या पोटात जाणिवेचा अंश आहे. तीव्रता ही कोणाला तरी जाणवणारी गोष्ट आहे, हे या शब्दाच्या घरगुती वापरातील मूळ गृहीत होय.

व्याकरणदृष्ट्या हे विशेषण अविकारी आहे. विशेष्याच्या लिंगवचनाप्रमाणे त्याचे रूप बदलत नाही : तीव्र विरोध, तीव्र वेदना, तीव्र दुःखे. त्यापासून ‘तीव्रता’ हे भाववाचक नाम होते, आणि तर-तम प्रत्यय लागून ‘तीव्रतर’, ‘तीव्रतम’ ही रूपे सिद्ध होतात. ‘अति’ हा उपसर्ग जोडून ‘अतितीव्र’ असा शब्दही केला जातो. पुढील विवेचनात ‘तीव्रता’ या नामाला विशेष महत्त्व आहे. विशेषण जोवर विशेषण असते तोवर ते अनुभवाला चिकटून राहते. त्याचे नाम झाले म्हणजे मोजता येणारी एखादी वस्तू असावी असा भास होतो, आणि अर्थाची पहिली फारकत येथेच घडते.

२. शब्दाचा इतिहास

‘तीव्र’ हा शब्द संस्कृतातून जशाच्या तसा आलेला आहे. ऋग्वेदात तो सोमरसाला लावलेला आढळतो. तेथे रसाची उग्र, झणझणीत चव अभिप्रेत आहे. म्हणजे त्याचा सर्वांत जुना ज्ञात प्रयोग जिभेच्या जाणिवेशी निगडित आहे. पुढे संस्कृतात त्याचा विस्तार उष्णता, वेग, दुःख, निश्चय असा होत गेला. अमरकोशात तर तो नितान्त, गाढ, दृढ इत्यादी शब्दांच्या पंक्तीस ‘अतिशय’ या सामान्य अर्थाने गणलेला आहे. विशिष्ट इंद्रियजन्य अनुभवापासून निव्वळ प्रमाणवाचकतेपर्यंतचा हा प्रवास संस्कृतातच पूर्ण झाला होता.

पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादात या शब्दाचा एक बोधप्रद उपयोग आहे. एकविसाव्या सूत्रात तीव्र संवेग असणाऱ्या साधकाचा उल्लेख येतो आणि लगेच बाविसाव्या सूत्रात मृदू, मध्य व अधिमात्र असे तीन भेद सांगितले जातात. भाष्यकारांच्या परंपरेप्रमाणे हे भेद त्या तीव्रतेचेच आहेत. एखाद्या गोष्टीस तीव्र म्हटल्याने तिचे प्रमाण ठरून गेले असे नव्हे. तीव्रतेतही पायऱ्या असतात, आणि त्या निराळ्या सांगाव्या लागतात, हे प्राचीनांच्या ध्यानात आलेले होते.

पालीत या शब्दाचे ‘तिब्ब’ आणि प्राकृतात ‘तिव्व’ असे रूप झाले. परंतु त्या रूपाचा वंशज आजच्या मराठी बोलीत रुळलेला दिसत नाही. याच्या उलट ‘तीक्ष्ण’ या शब्दाची स्थिती आहे. त्याच्या ‘तिक्ख’ या प्राकृत रूपापासून मराठीतील ‘तिखट’ आला आणि तो स्वयंपाकघरात कायमचा राहिला. जिभेला जाणवणाऱ्या उग्रतेचे क्षेत्र अशा रीतीने ‘तिखट’ने व्यापले. ‘तीव्र’ हा शब्द पुढे मराठीत आला तो पोथी-पंडितांच्या मार्गाने, संस्कृत रूप घेऊनच. तो घरातून चालत आला नाही, हे त्याच्या जोडाक्षरावरूनच कळते. या कारणामुळे पारिभाषिक शब्द घडविण्याची वेळ आली तेव्हा तो सर्वांना सोयीचा वाटला. तो परिचित होता, परंतु कोणा एका व्यवहाराची त्यावर मालकी नव्हती.

३. ‘तीव्र’ आणि ‘गंभीर’

या शब्दाचा अर्थ नेमका करण्यासाठी त्याच्या निकटच्या शब्दाशी तुलना करणे उपयुक्त ठरते. ‘गंभीर’ हा तो शब्द होय. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे समजून अदलाबदलीने वापरले जातात. वास्तविक त्यांच्यात मूलभूत भेद आहे. रुग्णाची प्रकृती गंभीर असते, तीव्र नसते. दाढेची कळ तीव्र असते, परंतु बहुधा गंभीर नसते. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही, म्हणजे त्यात तीव्रता नसते. तथापि तो गंभीर असतो.

‘गंभीर’ या शब्दाच्या मुळाशी खोलीची कल्पना आहे. तो परिणामाकडे पाहतो आणि पुढे काय होईल याची चिंता व्यक्त करतो. ‘तीव्र’च्या मुळाशी टोकाची, झोंबण्याची कल्पना आहे. तो वर्तमान जाणिवेकडे पाहतो आणि आता काय होत आहे ते सांगतो. दोन्ही गुण एकत्र असू शकतात, परंतु एकावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही. ‘तीव्र नाही, अर्थात गंभीर नाही’ ही तर्कसरणी सदोष आहे. डहाणू-तलासरीच्या उदाहरणांत हा दोष वारंवार आढळून येतो.

४. शास्त्रांनी केलेला स्वीकार

निरनिराळ्या शास्त्रांनी हा शब्द आपापल्या गरजेनुसार घेतला. हिंदुस्थानी संगीतात शुद्ध मध्यमापेक्षा चढ्या मध्यमास तीव्र मध्यम म्हणतात. यमन रागात तो लागतो. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीने ही परिभाषा सर्वत्र रूढ झाली. येथे कठोरपणाचा किंवा त्रासाचा मागमूसही नाही. तीव्र मध्यम जोराने लावावा लागतो असे नाही. तो हळुवारही लागतो. शुद्ध स्वराच्या अपेक्षेने तो उंच आहे, एवढाच अर्थ. तीव्रता ही नेहमी कशाच्या तरी अपेक्षेने असते, हे संगीताच्या परिभाषेत स्वच्छ दिसते, कारण तेथे तुलनेचा आधार निश्चित आहे.

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तीव्र आम्ल व सौम्य आम्ल असा भेद करतात. हा भेद आम्लाचे रेणू पाण्यात कितपत विघटित होतात यावर अवलंबून असतो. द्रावणात आम्ल किती आहे हे सांगण्यासाठी संहत आणि विरल हे निराळे शब्द आहेत. त्यामुळे पुष्कळ पाणी घातलेले हायड्रोक्लोरिक आम्ल हे तीव्र परंतु विरल असते, आणि पाण्यावाचूनचे ॲसिटिक आम्ल सौम्य परंतु संहत असते. तथापि हे दुसरे सौम्य आम्ल कातडीवर पडल्यास भाजते. ज्याचा हात भाजला तो त्यास सौम्य म्हणणार नाही. शास्त्राचा शब्द पदार्थाच्या स्वभावाविषयी बोलतो आणि लोकांचा शब्द हाताच्या अनुभवाविषयी. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. गोंधळ होतो तो शब्द एकच असल्यामुळे.

५. भूकंप : परिमाण की तीव्रता

हाच गोंधळ डहाणू-तलासरीत अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. नोव्हेंबर २०१८पासून या दोन तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के जाणवू लागले. एक मोठा धक्का आणि मागाहून लहान धक्के असा नेहमीचा क्रम येथे नव्हता. लहानमोठ्या धक्क्यांची दीर्घ मालिकाच सुरू झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तेथे भूकंपमापक यंत्रे बसविली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ परिमाणाचा धक्का नोंदला गेला. त्या दिवशीच्या धावपळीत पडून एका बालिकेचा मृत्यू झाला. लोक घराबाहेर उघड्यावर रात्री काढू लागले, आणि त्यांच्यासाठी तंबू उभारावे लागले.

अशा प्रसंगी मराठी वृत्तांतात ‘रिश्टर स्केलवर अमुक तीव्रतेचा धक्का’ हे वाक्य ठरलेले असते. शास्त्राच्या दृष्टीने यात दोन भिन्न कल्पनांची सरमिसळ आहे. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली मांडलेली मोजणी भूकंपाच्या उगमापाशी मुक्त होणाऱ्या ऊर्जेशी संबद्ध आहे. एका भूकंपाचा असा एकच अंक असतो. तो मुंबईत मोजला तरी तोच आणि तलासरीत मोजला तरी तोच. त्या अंकात एकाची वाढ झाली की लहरींचा आयाम दहापट आणि ऊर्जा सुमारे बत्तीसपट वाढते. यास परिमाण म्हणणे युक्त होय. दुसरी मोजणी इटालियन शास्त्रज्ञ ज्युसेप्पे मेर्काली यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. तिची सुधारलेली श्रेणी १९३१ साली तयार झाली. तीत बारा पायऱ्या असून त्या माणसांना काय जाणवले आणि घरांचे काय झाले यावरून ठरतात. झोपलेले लोक जागे झाले काय, घाबरून बाहेर धावले काय, गिलाव्यास तडे गेले काय, भिंती पडल्या काय, असे तिचे प्रश्न असतात. ही मोजणी जागेगणिक बदलते. खऱ्या अर्थाने तीव्रता म्हणावयाची ती हीच. आणि मराठीच्या घरगुती वापरातील अर्थाशी जुळणारीही हीच.

या दोहोंतील अंतर महाराष्ट्राला अपरिचित नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजीचा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजीचा किल्लारीचा भूकंप यांचे परिमाण एकमेकांच्या बरेच जवळ, सहाच्या काहीसे वर होते. परंतु कोयनेच्या भूकंपात बळी गेलेल्यांची संख्या पावणेदोनशेच्या आसपास होती, तर किल्लारीला हजारो माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती, दाट वस्ती आणि पहाटेची झोपेची वेळ यांमुळे किल्लारीत जे घडले ते परिमाणाच्या अंकात कोठेही दिसत नाही.

डहाणू-तलासरीतील धक्क्यांचे परिमाण बहुधा चाराच्या आत राहिले. या अंकाकडे पाहून त्यांस ‘सौम्य’ म्हणण्याची रीत पडली, आणि परिमाणाच्या श्रेणीत ते सौम्यच आहेत. परंतु हे भूकंप उथळ होते; उगम जमिनीच्या पृष्ठभागापासून फार खाली नव्हता. अशा वेळी लहान परिमाणाचा धक्काही त्या थोड्या क्षेत्रात जोराने जाणवतो. त्यातून घराची बांधणी कशी आहे यावरही बरेच अवलंबून असते. कारवीच्या कुडाचे हलके घर हादऱ्याबरोबर लवते. विटांची, आधाराची सळई नसलेली जड भिंत लवत नाही, ती तडकते. धक्के पुनःपुन्हा बसल्याने आधी पडलेला तडा रुंदावत जातो. एकेका धक्क्याचा अंक कितीही लहान असला तरी मालिकेचा एकत्रित परिणाम कोणत्याही एका अंकात मावत नाही.

याचा परिणाम केवळ शाब्दिक राहत नाही. ‘कमी तीव्रतेचा धक्का’ हे वाक्य वाचणारा दूरचा वाचक, त्यात अधिकारीही आलेच, असा समज करून घेतो की तेथे फारसे काही जाणवले नसावे. ज्याच्या भिंतीस तडा गेला आहे त्याच्या सांगण्यास मग अतिशयोक्ती मानले जाते. वास्तविक तडा गेलेल्या भिंतीचा पंचनामा हीच तीव्रतेची नोंद होय. यंत्राने परिमाण सांगितले आणि तलाठ्याच्या पंचनाम्याने तीव्रता सांगितली. दोन्ही कागद एकमेकांना खोटे पाडीत नाहीत. ते दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत. परंतु दोहोंसाठी एकच शब्द वापरल्याने यंत्राचा कागद खरा आणि माणसाचा कागद संशयास्पद ठरण्याची भीती असते.

६. कुपोषण : प्रमाण आणि काळ

दुसरे उदाहरण अंगणवाडीतील आहे. आदिवासी बहुल अशा या भागात बालकांचे कुपोषण हा जुना प्रश्न आहे. १९९२ साली शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे त्याकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. आज बालकांची वर्गवारी जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार होते. उंचीच्या मानाने वजन प्रमाणित मध्यापासून तीन प्रमाण-विचलनांहून अधिक खाली असेल, किंवा सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पायांवर दाबल्यास खड्डा पडणारी सूज असेल, तर ते बालक तीव्र कुपोषित समजतात. दंडाचा घेर ११५ ते १२५ मिलिमीटरच्या दरम्यान असल्यास ते मध्यम कुपोषित होय.

मूळ आंतरराष्ट्रीय संज्ञेत दोन वेगळी विशेषणे आहेत. एक प्रमाण सांगते आणि दुसरे काळ, म्हणजे ही अवस्था अलीकडे व झपाट्याने आलेली आहे हे दाखविते. मराठीत या दोन्ही विशेषणांसाठी ‘तीव्र’ हाच शब्द योजला जातो. त्यामुळे संज्ञेचे अक्षरशः रूपांतर ‘तीव्र तीव्र कुपोषण’ असे होऊ लागते. ते टाळण्यासाठी कोठे ‘अतितीव्र’ म्हणतात, कोठे एक विशेषण गाळतात. मध्यम वर्गासाठी ‘मध्यम तीव्र कुपोषण’ असा प्रयोग होतो तेव्हा तर वाचणारा बुचकळ्यात पडतो. एकच गोष्ट मध्यमही आणि तीव्रही कशी असू शकेल?

मराठीजवळ या अडचणीचे उत्तर नाही असे नव्हे. आयुर्वेदाने आशुकारी आणि चिरकारी असे दोन शब्द या कालभेदासाठीच घडविलेले आहेत. त्वरेने येणारा व त्वरेने परिणाम करणारा तो आशुकारी, सावकाश मुरणारा तो चिरकारी. यांपैकी ‘चिरकारी’ आधुनिक वैद्यकीय मराठीत बऱ्यापैकी रुळला आहे. ‘आशुकारी’ची जागा मात्र ‘तीव्र’ने घेतली. प्रमाणाचे आणि काळाचे असे दोन भार एकाच शब्दावर पडले ते यामुळे.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. उंचीच्या मानाने वजन कमी असणे हे अलीकडच्या उपासमारीचे किंवा आजाराचे लक्षण असते. वयाच्या मानाने उंची खुंटणे हे दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाचे. दुसऱ्या प्रकारचे बालक ‘तीव्र’च्या व्याख्येत बसत नाही, कारण त्याची अवस्था अचानक आलेली नाही. ‘तीव्र नाही’ हे शब्द मात्र आईच्या कानी ‘काळजीचे कारण नाही’ असे पडतात. येथेही तीव्रतेच्या अभावावरून गांभीर्याच्या अभावाचे अनुमान होते. शिवाय ११४ मिलिमीटर आणि ११६ मिलिमीटर यांत जगण्याच्या दृष्टीने फारसा फरक नसतो, परंतु पहिले बालक तीव्र गणले जाऊन ग्राम बालविकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात उपचारास पात्र ठरते, आणि दुसऱ्याची वर्गवारी बदलते. घरी आई ‘पोर सुकत चाललं आहे’ म्हणते. तिच्या वाक्यातील क्रियापद काळाचा ओघ दाखविते. नोंदवहीतील विशेषण एका दिवसाची रेघ दाखविते. उपचार करणाऱ्यास दोन्ही कळणे आवश्यक आहे.

७. वादळ आणि विरोध

समुद्रकिनाऱ्यावर हा शब्द हवामान खात्याच्या सूचनांतून येतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वेगाच्या सतत वाऱ्यांचे ते चक्रीवादळ, ८९ ते ११७चे तीव्र चक्रीवादळ, आणि त्यापुढे अतितीव्र, अत्यंत तीव्र व महाचक्रीवादळ अशा पायऱ्या आहेत. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ होते; मे २०२१ मधील ‘तौक्ते’ पालघरच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेस सौराष्ट्राकडे गेले तेव्हा त्याची गणना त्याहून वरच्या वर्गात होत होती. ही वर्गवारी वादळाच्या केंद्राभोवतीच्या वाऱ्याची आहे, किनाऱ्यावरील एखाद्या बंदरात तो किती असेल याची नव्हे. त्यामुळे वरच्या वर्गाचे परंतु दूरून जाणारे वादळ एखाद्या गावाला कमी जाणवेल, आणि खालच्या वर्गाचे वादळ जवळून गेल्यास होड्या फोडील. भूकंपात दिसलेला उगमाचा आणि जागेचा भेद येथे पुन्हा दिसतो. मात्र येथे एक गोष्ट चांगली आहे. प्रत्येक पायरीस अंकांची चौकट ठरलेली असल्याने ‘तीव्र’ म्हणजे किती, हा प्रश्न अनुत्तरित राहत नाही.

वाढवणच्या बंदराविषयीच्या वृत्तांतांत नेमके याच्या उलट घडते. त्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात असा. २० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याने १९९८ साली तेव्हाच्या बंदर-प्रस्तावास नकार दिला. पुढे नव्या स्वरूपात हा प्रस्ताव आला; ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने त्यास सशर्त संमती दिली, १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. रोजगार व व्यापार यांच्या अपेक्षेने प्रकल्पाचे समर्थन करणारे आहेत. मासेमारीचे क्षेत्र व किनारा यांच्या चिंतेने विरोध करणारे मच्छीमार व ग्रामस्थ आहेत.

या विरोधाचे वर्णन करताना ‘तीव्र विरोध’ हा शब्दसमूह जवळजवळ आपोआप येतो. त्याच्या जोडीला तीव्र नाराजी, तीव्र पडसाद, तीव्र निषेध आणि ‘आंदोलन तीव्र करण्याचा इशारा’ हेही येतात. येथे विशेषणास कसलेही माप नाही. एखाद्या बाजारपेठेने अर्धा दिवस दुकाने बंद ठेविली तरी विरोध तीव्र, आणि वीस-पंचवीस वर्षे सभा, अर्ज, न्यायालय यांच्या मार्गाने आक्षेप चालू राहिले तरीही तो तीव्रच. अतिवापराने शब्द गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत झालेल्या शब्दावरून वाचकाची दृष्टी घसरून जाते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या ठिकाणी तो अर्थानेही अपुरा आहे. वैद्यकाच्या परिभाषेत बोलावयाचे तर १९९८च्या आधीपासून २०२४च्या पुढेपर्यंत टिकलेला विरोध हा चिरकारी होय. त्याचे मुख्य लक्षण आवेग नसून चिकाटी आहे. त्यास ‘तीव्र’ म्हटल्याने तो क्षणिक प्रक्षोभ असावा असा ग्रह होतो. त्याची कारणे कोणती, तो कोणाचा आणि किती दिवसांचा, हे विचारण्याची गरज वाचकास वाटत नाही. मराठीत ‘कडाडून विरोध’ हा बोलीतला प्रयोग आवेगासाठी आहे. दीर्घकालीन विरोधासाठी चिवट, सातत्याचा, जुना असे शब्द आहेत. ज्यास जो योग्य तो लावला असता समर्थक आणि विरोधक या दोहोंनाही न्याय मिळतो.

८. समारोप

उपरिनिर्दिष्ट चारही उदाहरणांत शब्द एकच आहे, परंतु त्याची कार्ये भिन्न आहेत. भूकंपाच्या वृत्तांतात तो जागेवरचा परिणाम सांगण्याऐवजी उगमाचा अंक सांगतो. कुपोषणाच्या नोंदीत तो प्रमाण आणि काळ यांची बेरीज करतो. वादळाच्या सूचनेत त्यास निश्चित माप आहे, परंतु ते केंद्राचे आहे. विरोधाच्या वर्णनात त्यास मापच नाही. घरगुती मराठीत मात्र या शब्दाने ज्यास सोसावे लागते त्याची जाणीव सांगितली जाते, आणि ऐकणाराही सर्वत्र तोच अर्थ गृहीत धरतो. बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या अर्थांतील हे अंतर अपसमजाचे कारण होय.

यावर हा शब्द टाकून द्यावा, असा उपाय सुचविणे योग्य होणार नाही. तो भाषेत खोल रुजलेला आणि आवश्यक आहे. त्याचा वापर करताना तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होईल : ही तीव्रता कोठली, उगमाची की सोसणाऱ्याच्या जागेची, ती प्रमाणाची की काळाची, आणि ती कोणत्या मापाने ठरविली. भूकंपाच्या बाबतीत उगमासाठी ‘परिमाण’ आणि जागेसाठी ‘तीव्रता’ हा विवेक पाळावा. रोगाच्या बाबतीत कालवाचक ‘आशुकारी’ पुन्हा प्रचारात आणण्यास हरकत नाही. ते अवघड वाटल्यास ‘अलीकडे व झपाट्याने आलेले’ असे सरळ वर्णन करावे. सामाजिक प्रश्नांच्या वर्णनात विशेषणाऐवजी तपशील द्यावा : किती लोक, किती दिवस, कोणत्या मागणीसाठी. आणि ‘तीव्र नाही’ या वाक्यावरून ‘गंभीर नाही’ असा निष्कर्ष कोणत्याही क्षेत्रात काढू नये.

पदव्युत्तर अभ्यासात अर्थविचार हा विषय पुष्कळदा जुन्या ग्रंथांतील शब्दांपुरता सीमित राहतो. परंतु अंगणवाडीची नोंदवही, तलाठ्याचा पंचनामा आणि बंदरावर लावलेली वादळाची सूचना हीही भाषेची साधने आहेत, आणि त्यांतील एका विशेषणावर कोणाला तंबू मिळेल, कोणाला आहार मिळेल आणि कोणाचे म्हणणे ऐकले जाईल हे ठरत असते. अशा शब्दांचा अर्थ नेमका करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्य होय.